वायडू अडले तर काय करावे : बाल्डर्स गेटचे मॉड बसवणाऱ्या नवख्यांसाठी पायरीवार मार्गदर्शक

बाल्डर्स गेट हा संगणकावरचा गेम १९९८ साली आला, त्याचा दुसरा भाग २००० साली आला आणि २०१२ पासून या गेमच्या सुधारलेल्या आवृत्त्या, म्हणजे एन्हान्स्ड एडिशन, मिळू लागल्या. इतक्या वर्षांनंतरही लोक ते आवडीने खेळतात, याचे बरेचसे श्रेय मॉड, म्हणजे गेममध्ये भर घालणारे किंवा बदल करणारे जोड, लिहिणाऱ्यांना आहे. आणि यांतला जवळजवळ प्रत्येक मॉड ज्या साधनाने बसवला जातो त्याचे नाव वायडू. वेस्टली वायमर यांनी ओकॅमल या भाषेत लिहिलेले हे साधन कामाला चोख आहे, पण त्याला ना बटणे आहेत ना चित्रे. काळी खिडकी उघडते, प्रश्न विचारले जातात, ओळी भराभर वर सरकतात आणि कुठेतरी मध्येच एरर येते.

इंदुरात हे गेम खेळणारे फार नाहीत, आणि मराठी घरांतले तर त्याहून कमी. त्यामुळे कोणाचे काही अडले की निरोप फिरत फिरत माझ्यापर्यंत पोहोचतो. विचारणा बहुधा एकाच शब्दांत होते : "काका, एरर आली, सगळं काढून परत टाकू का?" माझे उत्तर ठरलेले आहे. अजून काहीही काढू नका. वायडूने काय बिघडले ते एका फाइलीत लिहून ठेवलेले असते. ते वाचण्याआधी केलेली प्रत्येक दुरुस्ती अंदाजपंचे असते आणि ती बहुतेक वेळा मूळ बिघाडावर दुसरा बिघाड चढवते.

पुढील विवेचन विंडोज आणि एन्हान्स्ड एडिशन गृहीत धरून केले आहे. आज्ञा आणि फाइलींची नावे येथे देवनागरीत दिली असली तरी प्रत्यक्ष टाइप करताना अक्षरे रोमन आणि आकडे इंग्रजी हवेत, आणि जेथे दोन आडव्या रेघा दिसतील तेथे दोन हायफन मध्ये जागा न सोडता द्यावेत. आज्ञा वर्डसारख्या लेखन-प्रोग्राममध्ये साठवून ठेवू नये, कारण तेथे दोन हायफनची आपोआप एक लांब रेघ होते आणि ती रेघ वायडूला कळत नाही. साध्या नोटपॅडमध्ये ठेवावी.

१. सुरुवातीला जवळ काय असावे

• गेमची पूर्ण आणि अद्याप एकही मॉड न बसवलेली प्रत. ती एकदा उघडून, नवा खेळ सुरू करून, व्यवस्थित चालते याची खात्री करून घ्यावी.
• त्या स्वच्छ प्रतीची आणखी एक प्रत, वेगळ्या फोल्डरमध्ये. त्यासाठी डिस्कवर गेमच्या आकाराच्या किमान दुप्पट जागा रिकामी हवी.
• झिप उलगडणारा कोणताही भरवशाचा प्रोग्राम.
• ओळींचे क्रमांक दाखवणारा टेक्स्ट एडिटर. नोटपॅड चालेल, नोटपॅड प्लस प्लस अधिक बरा.
• नियर इन्फिनिटी हे गेमच्या फाइली उघडून दाखवणारे साधन. ते जावावर चालते, म्हणून जावा आधी बसवलेले असावे.
• प्रत्येक मॉडसोबत येणारी रीडमी फाइल. ती वाचणे हा सोपस्कार समजू नये. "हा मॉड अमक्याच्या आधी बसवा" हे वाक्य फक्त तेथेच लिहिलेले असते.
• एक कोरी टेक्स्ट फाइल, ज्यात कोणता मॉड कोणत्या क्रमाने बसवला ते तुम्ही लिहीत जाल.

डेस्कटॉप संगणक असेल तर यूपीएसची बॅटरी शाबूत आहे ना, हेही पाहून घ्यावे. मे महिन्याच्या दुपारी मॉड बसत असताना लाइट गेली, तर काही फाइली लिहिल्या जाऊन त्यांची नोंद मात्र राहून गेलेली असू शकते. अशा अर्धवट अवस्थेतून वाट काढत बसण्यापेक्षा स्वच्छ प्रतीवरून पुन्हा सुरुवात करणे कमी कष्टाचे असते. ती दुसरी प्रत त्यासाठीच आहे.

२. गेमचे फोल्डर कोठे ठेवावे

मॉडमधील दोष वाटणाऱ्या तक्रारींचा मोठा भाग येथेच मिटतो, म्हणून ही पायरी घाईने ओलांडू नये.

पहिला सापळा प्रोग्राम फाइल्स या फोल्डरचा. विंडोज त्या फोल्डरवर पहारा ठेवते. साधे अधिकार असलेल्या जुन्या धाटणीच्या प्रोग्रामने तेथे काही लिहू पाहिले, तर एक तर परवानगी नाकारली जाते किंवा लिहिलेले गुपचूप व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या दुसऱ्याच फोल्डरात वळवले जाते. दुसरा प्रकार अधिक त्रासदायक आहे, कारण वायडू "यशस्वी" म्हणते आणि गेममध्ये मात्र काहीच बदललेले दिसत नाही. उपाय सरळ आहे : सी किंवा डी ड्राइव्हच्या मुळाशी 'गेम्स' नावाचे साधे फोल्डर करावे आणि गेम तेथे ठेवावा.

दुसरा सापळा आपल्या भागातला. इंदुरात पुष्कळ घरांत पीसी बाजारातून जुळवून आणलेला असतो आणि दुकानदार विंडोजचे खाते उघडताना कौतुकाने घरच्यांचे नाव देवनागरीत टाकून देतो. मग डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स या सगळ्यांच्या मार्गात ते देवनागरी नाव येऊन बसते. वायडू आणि अनेक मॉडच्या आतली लहान साधने अशा मार्गावर अडखळतात आणि समोर असलेली फाइलसुद्धा सापडत नाही म्हणून सांगतात. खात्याचे दिसणारे नाव नंतर बदलल्याने फोल्डरचे नाव बदलत नाही, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नये. डी ड्राइव्हवर रोमन अक्षरांतले, मध्ये मोकळी जागा नसलेले फोल्डर केले की प्रश्न संपतो. बडोद्यात हेच गुजराती लिपीतल्या खात्याचे होते, उपायही हाच.

तिसरा सापळा वनड्राइव्हचा. डेस्कटॉप फोल्डर वनड्राइव्हशी जोडलेले असेल तर मॉड बसत असताना तिकडे फाइली वर चढवण्याचे काम चालू राहते आणि ऐन वेळी एखादी फाइल अडवली जाते. गेम डेस्कटॉपवर नकोच.

चौथा, स्टीम या ऑनलाइन दुकानातून गेम घेणाऱ्यांसाठी. गेम आपोआप अद्ययावत होणार नाही अशी सेटिंग आधी करून ठेवावी. आणि मॉड बसवल्यानंतर फाइलींची शहानिशा करण्याचे जे बटण असते ते चुकूनही दाबू नये. ते बटण बदललेल्या मूळ फाइली जागेवर परत आणते, पण मॉडने नव्याने टाकलेल्या फाइलींना हात लावत नाही. परिणामी संवादांचा मजकूर मूळचा आणि वस्तू-पात्रे मात्र मॉडची अशी खिचडी तयार होते आणि ती वायडूलाही निस्तरता येत नाही.

३. मॉडच्या फाइली जागच्या जागी ठेवणे

गेमच्या मुख्य फोल्डरमध्ये चिटिन.की नावाची फाइल असते. कोणती वस्तू, कोणते पात्र, कोणता नकाशा कोणत्या गठ्ठ्यात बांधलेला आहे याची ती सूची आहे. वायडू सर्वांत आधी तीच शोधते, म्हणून मॉडचे फोल्डर आणि त्याची सेटअप फाइल या दोन्ही गोष्टी चिटिन.कीच्या शेजारी, त्याच पातळीवर असल्या पाहिजेत.

झिप उलगडताना अनेकदा फोल्डरच्या आत तेच नाव असलेले दुसरे फोल्डर तयार होते, किंवा नावामागे 'मास्टर' असे शेपूट असलेले बाहेरचे फोल्डर येते. बाहेरचे कवच टाकून द्यावे आणि आतले, ज्यात टीपी२ ही फाइल आहे, ते फोल्डर उचलून गेमच्या फोल्डरमध्ये ठेवावे. टीपी२ म्हणजे वायडूला दिलेली कामांची यादी.

सेटअप फाइलीविषयी एक गोष्ट कळली की अर्धा गोंधळ दूर होतो : 'सेटअप-अमुक.एक्झी' हा प्रत्येक मॉडचा वेगळा प्रोग्राम नसतो. ते वायडूच असते, फक्त नाव बदललेले, आणि स्वतःच्या नावावरून ते कोणता मॉड बसवायचा हे ओळखते. म्हणून मॉडसोबत सेटअप फाइल आली नसेल तर वायडू.एक्झीची प्रत काढून तिला 'सेटअप-' आणि पुढे टीपी२ फाइलीच्या नावात असलेले मॉडचे नाव द्यावे. विंडोजमध्ये फाइलींची शेपटे लपवलेली असतील तर अशा वेळी नाव 'सेटअप-अमुक.एक्झी.एक्झी' होऊन बसते, तेव्हा आधी शेपटे दिसतील अशी सेटिंग करावी. एकाच फोल्डरमध्ये वेगवेगळ्या वयाच्या सेटअप फाइली असतील तर जुन्या फाइली शेजारची नवी पाहून स्वतःला अद्ययावत करून घेतात. अँटिव्हायरस नेमका हाच क्षण संशयास्पद समजतो. अधिकृत ठिकाणाहून घेतलेल्या मॉडसाठी गेमच्या फोल्डरला अँटिव्हायरसमधून सूट द्यावी. अँटिव्हायरस कायमचा बंद करण्याची गरज नाही.

४. काळ्या खिडकीत काय पाहावे

सेटअप फाइल चालवली की सुरुवातीच्या ओळींकडे लक्ष द्यावे. चिटिन.की वाचली गेली, तिच्यात इतके गठ्ठे आणि इतकी संसाधने आहेत, अशी ओळ दिसायला हवी; पुढे डायलॉग.टीएलके या फाइलीबद्दल "क्लेम्स टु बी रायटेबल" अशी ओळ येते. डायलॉग.टीएलकेमध्ये गेममधला सगळा मजकूर क्रमांकवार साठवलेला असतो आणि मॉड आपली वाक्ये त्याच्या शेवटी जोडतो. या दोन ओळी न दिसता खिडकी मिटली, तर मागच्या दोन पायऱ्यांकडे परत जावे.

नंतर भाषेचे प्रश्न येतात आणि ते दोन असतात, याकडे नवखे दुर्लक्ष करतात. एक, गेम कोणत्या भाषेत खेळता; दोन, मॉडचा मजकूर कोणत्या भाषेत हवा. पहिल्याचे उत्तर वायडू.कॉन्फ या लहानशा फाइलीत साठवले जाते आणि नंतर विचारले जात नाही. तेथे घाईत दुसरा आकडा दाबला गेला, तर मॉडची वाक्ये एका भाषेच्या डायलॉग.टीएलकेमध्ये जातात आणि गेम दुसऱ्याच भाषेची फाइल वाचतो. मग पात्रे बोलायच्या जागी "इनव्हॅलिड" आणि पुढे एक मोठा आकडा असे दिसते. हे लक्षण दिसले की आधी वायडू.कॉन्फ उघडावी. इंग्रजीत खेळत असाल तर तेथे इंग्रजीचेच फोल्डर नोंदलेले असले पाहिजे.

एका मॉडमध्ये वेगवेगळे बसवता येणारे भाग, म्हणजे घटक, असतात. प्रत्येक घटकासाठी आय म्हणजे बसवा, एन म्हणजे नको, क्यू म्हणजे बाहेर पडा. आधी बसवलेल्या घटकासाठी आर म्हणजे पुन्हा बसवा आणि यू म्हणजे काढा. "स्किपिंग" असे येऊन खाली कारण लिहिलेले असेल तर ती एरर नाही. तो घटक तुमच्या गेमला लागू होत नाही किंवा त्याला आवश्यक असलेला दुसरा घटक बसवलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

"तासभर झाला, अडकलंय" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी खिडकीचा मथळा वाचायला सांगतो. कमांड प्रॉम्प्टच्या खिडकीत माउसने चुकून क्लिक झाले की विंडोजला वाटते तुम्हाला मजकूर निवडायचा आहे, आणि ती चालू काम तेथेच थोपवून धरते. मथळ्याच्या सुरुवातीला 'सिलेक्ट' हा शब्द दिसतो. एस्केप दाबले की काम पुढे चालू होते. खिडकी बंद करण्याचा मोह येथे फार महागात पडतो. सोर्ड कोस्ट स्ट्रॅटेजम्ससारखा शत्रूंची बुद्धी बदलणारा मॉड खरोखरच बराच वेळ घेतो, तेव्हा मथळा ठीक असेल तर स्वस्थ बसावे.

५. एरर आली : डीबग फाइल वाचणे

हा या लेखाचा गाभा आहे.

घटक बसताना बिघाड झाला की वायडू आधीच्या स्थितीला परत जात असल्याचे कळवते, त्या घटकाने केलेले बदल मागे घेते आणि शेवटी "नॉट इन्स्टॉल्ड ड्यू टू एरर्स" असे लिहिते. म्हणजे तुमचा गेम मोडलेला नसतो. फक्त तो घटक बसलेला नसतो. त्यामुळे लगेच धावपळ करण्याचे कारण नाही.

सेटअप-अमुक.डीबग ही फाइल उघडावी. गेमच्या फोल्डरमध्ये डीबग्ज नावाचे फोल्डर असेल तर ती त्यात जाते. फाइल लांबलचक असते आणि वाचण्याची रीत अशी : तळाशी जावे, तेथून वर शोध घेत "एरर" हा शब्द जिथे जिथे आहे ते पाहावे, आणि शेवटच्या प्रयत्नातली सर्वांत पहिली एरर गाठावी. तळाची एरर बहुधा परिणाम असते. कारण वर असते. त्या पहिल्या एररच्या लगतच्या आधी कोणत्या फाइलीवर काम चालू होते ती ओळही टिपून घ्यावी.

एक नमुना जवळून पाहू. समजा डीबगमध्ये असे दिसले :

एरर लोकेटिंग रिसोर्स फॉर 'कॉपी'
रिसोर्स [एबीसी०१.सीआरई] नॉट फाउंड इन की फाइल

सीआरई हे शेपूट पात्राच्या फाइलीचे असते, आयटीएम वस्तूचे, एसपीएल मंत्राचे, एआरई नकाशाचे आणि डीएलजी संवादाचे. म्हणजे मॉडला एका पात्रात बदल करायचा होता आणि ते पात्र गेमच्या सूचीत नाही. आता स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. हा मॉड पहिल्या भागाचा असून मी दुसऱ्या भागावर तर बसवत नाही ना? हे पात्र दुसऱ्या एखाद्या मॉडने आणायचे असून तो मॉड मी अजून बसवलेलाच नाही, असे तर नाही? किंवा हे पात्र सीज ऑफ ड्रॅगनस्पिअर या पहिल्या भागाच्या विस्तारामधले आहे का? तिसऱ्याची कथा पुढच्या पायरीत येईल. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे रीडमीत असतात. नियर इन्फिनिटीमध्ये ते नाव शोधून पाहिले की फाइल खरोखर नाही की वायडूलाच दिसत नाही, हेही लगेच कळते.

दुसरी नेहमीची एरर म्हणजे "पार्स एरर", सोबत ओळ क्रमांक, स्तंभ आणि "निअर टेक्स्ट" म्हणून अडलेला शब्द. ती टीपी२ फाइलीत आली असेल तर वायडू जुने असून मॉडमधली नवी आज्ञा त्याला समजत नसण्याची शक्यता सर्वांत आधी तपासावी. नवे वायडू आणून शेजारी ठेवल्यावर ती बऱ्याचदा नाहीशी होते. तीच एरर बीएएफ म्हणजे स्क्रिप्टच्या फाइलीत आली असेल, तर मॉड गेमच्या नव्या आवृत्तीसाठी लिहिलेला आणि तुमचा गेम जुन्या आवृत्तीचा, हा मेळ बसत नसण्याचा संभव अधिक. मॉडची फाइल स्वतः उघडून तो शब्द खोडून टाकणे, हा उपाय कोणी सुचवला तरी करू नये. अशाने घटक बसतो खरा, पण अर्धा.

"परमिशन डिनाइड" किंवा "इअॅक्सेस" ही अक्षरे दिसली तर गेम चालू आहे का, नियर इन्फिनिटी उघडे आहे का, फाइलींवर केवळ-वाचनाची खूण आहे का, या क्रमाने पाहावे. बहुतेकांच्या बाबतीत गेम मागे चालूच असतो.

"इन्स्टॉल्ड विथ वॉर्निंग्ज" हा निराळा प्रकार आहे. घटक बसलेला असतो, पण एखादा बदल अपेक्षित जागी करता आला नाही. इशाऱ्यात एखाद्या शस्त्राचे नाव असेल तर माझ्या मते पुढे जायला हरकत नाही. संवादाच्या किंवा मुख्य कथेच्या फाइलीचे नाव असेल तर थांबावे आणि मॉडकर्त्याला विचारावे, कारण तो बिघाड कित्येक तास खेळून झाल्यावर, परतीची वाट उरलेली नसताना समोर येतो.

६. सीज ऑफ ड्रॅगनस्पिअर असेल तर

२०१६ साली आलेला हा पहिल्या भागाचा विस्तार स्टीम आणि गॉग या ऑनलाइन दुकानांच्या प्रतींमध्ये झिप स्वरूपात गेमच्या डीएलसी फोल्डरमध्ये येतो. गेमला त्या झिपमधले वाचता येते, वायडूला येत नाही. म्हणून इतर कोणताही मॉड बसवण्याआधी डीएलसी मर्जर नावाचा मॉड बसवावा. तो झिपमधील सामग्री मुख्य गेममध्ये मिसळतो. "आधी" हा शब्द येथे अक्षरशः घ्यावा. दहा मॉड बसवून झाल्यावर मर्जर आठवला तर ते दहाही मॉड विस्ताराशिवायचा गेम समजून बसलेले असतात. विस्तार घेतलेलाच नसेल तर ही पायरी सोडून द्यावी.

७. मॉड काढणे

वायडू.लॉग या फाइलीत बसवलेल्या प्रत्येक घटकाची एक ओळ असते : टीपी२ फाइलीचे नाव, मग भाषेचा क्रमांक, मग घटकाचा क्रमांक, मग वर्णन. ओळींचा क्रम हाच बसवण्याचा क्रम. पंगतीसाठी रचलेल्या ताटांच्या चळतीसारखा हा प्रकार आहे. मधले ताट हवे असेल तर वरची सगळी उचलून बाजूला ठेवावी लागतात, आणि वायडू नेमके तेच करते : मधला घटक काढायला सांगितला तर त्याच्यानंतरचे सगळे घटक आधी उतरवते, हवा तो काढते आणि बाकीचे पुन्हा बसवत जाते. वीस-पंचवीस मॉड असतील तर यात प्रचंड वेळ जातो, आणि परत बसताना त्यांतला एखादा रुसू शकतो. नको असलेला मॉड शेवटून दुसरा-तिसरा असेल तर काढावा; खोलवर असेल तर स्वच्छ प्रतीवरून नव्याने बसवणे मला अधिक सुरक्षित वाटते.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे मॉडचे फोल्डर हाताने कधीही पुसू नये. मूळ फाइली जपून ठेवलेले बॅकअप फोल्डर बहुधा त्याच्या पोटातच असते. ते गेले की वायडूला परत फिरण्याचा रस्ता राहत नाही. जागा मोकळी करण्याच्या उत्साहात हे फार लोक करतात. वायडू.लॉगमधील ओळी हाताने खोडणे आणि ओव्हरराइड फोल्डर रिकामे करणे हेही त्याच जातीचे उपद्व्याप आहेत. गेम ओव्हरराइडमधली फाइल दिसली की गठ्ठ्यातली मूळ फाइल सोडून तीच वाचतो. ते फोल्डर रिकामे केले तर वस्तू मूळच्या, पण डायलॉग.टीएलके आणि लॉग मॉडचे, अशी विसंगती होते.

८. गेममध्ये बिघाड दिसतो, पण दोषी मॉड कोणता?

सगळे यशस्वी बसले आणि खेळताना मात्र एखादी तलवार विचित्र वागते, असे झाले की चेंज-लॉग ही सोय कामाला येते. गेमच्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडावा. फोल्डरच्या पत्त्याच्या पट्टीत 'सीएमडी' लिहून एंटर दाबले की तो नेमका त्याच जागी उघडतो. मग द्यावे :

वायडू --चेंज-लॉग एसडब्ल्यू१एच०१.आयटीएम

हे बॅस्टर्ड सोर्डच्या फाइलीचे नाव आहे. या फाइलीला कोणकोणत्या घटकाने आणि कोणत्या क्रमाने हात लावला त्याची यादी तयार होते, आणि संशयाचे वर्तुळ एकदम लहान होते. वस्तूच्या फाइलीचे नाव नियर इन्फिनिटीत शोधता येते. शेपूट सोडून ते आठ अक्षरांपेक्षा मोठे नसते.

निष्कर्ष काढण्यापूर्वी नवा खेळ सुरू करून तोच बिघाड तेथेही दिसतो का ते पाहावे. ज्या नकाशांत तुम्ही एकदा जाऊन आलात ते सेव्हमध्ये साठवले जातात, त्यामुळे नंतर बसवलेल्या मॉडने त्या जागी केलेले बदल जुन्या सेव्हमध्ये दिसत नाहीत. "मॉड बसला पण पात्र भेटतच नाही" या तक्रारीचे कारण पुष्कळदा एवढेच असते. खेळ अर्ध्यावर असताना मॉड घालू नये आणि काढू तर मुळीच नये.

९. क्रम, आणि एकाच आज्ञेत अनेक घटक

ढोबळ क्रम असा : डीएलसी मर्जर, मग दुरुस्त्यांचा संच, मग नव्या मोहिमा, मग नवे साथीदार, मग वस्तू आणि मंत्र, मग लहानसहान सोयींचे ट्वीक्स, आणि शेवटाकडे शत्रूंची बुद्धी बदलणारे मॉड. दोन्ही भाग एकत्र जोडणारा एन्हान्स्ड एडिशन ट्रिलॉजी वापरत असाल तर त्याचा 'एंड' हा समारोपाचा भाग सर्वांत शेवटी येतो. यात अपवाद पुष्कळ आहेत, आणि रीडमी वेगळे सांगत असेल तर रीडमीचे ऐकावे. प्रत्येक मॉडनंतर गेम उघडून पाहण्याची सवय कंटाळवाणी आहे, पण पाच मॉड एका दमात बसवून बिघाड शोधत बसणे त्याहून कंटाळवाणे.

हात बसल्यावर प्रश्नोत्तरे टाळण्यासाठी सगळे एका ओळीत देता येते :

वायडू अमुक/अमुक.टीपी२ --लँग्वेज ० --यूज-लँग ईएन_यूएस --फोर्स-इन्स्टॉल-लिस्ट ० १० २० --लॉग सेटअप-अमुक.डीबग

येथे शून्य ही मॉडच्या यादीतली पहिली भाषा आहे, कारण मोजणी शून्यापासून होते. घटकांचे क्रमांक 'वायडू --लिस्ट-कम्पोनंट्स अमुक/अमुक.टीपी२ ०' या आज्ञेने मिळतात. शेवटचा लॉगचा तुकडा गाळू नये. सेटअप फाइल न वापरता थेट वायडू चालवताना डीबग कोठे लिहायची हे आपण सांगायचे असते.

१०. मॅक आणि लिनक्स

लिनक्सवर लहान आणि मोठी रोमन अक्षरे वेगळी धरली जातात, आणि मॉडकर्ते मात्र विंडोजवर लिहिताना त्याची पर्वा करत नाहीत. फाइल समोर दिसत असूनही "सापडत नाही" असे आले तर आधी तेच तपासावे. मॅकवर इंटरनेटवरून आलेल्या फाइलींना लागलेली क्वारंटीनची खूण काढावी लागते. दोन्हीकडे वायडूला चालवण्याची परवानगी द्यायची असते, ती चमॉड या आज्ञेने.

११. तरीही सुटले नाही, तर मदत मागताना

काळ्या खिडकीचा मोबाइलने काढलेला तिरपा फोटो पाठवू नये. त्यात शेवटच्या ओळी दिसतात आणि कारण तर वर राहून गेलेले असते. पुढील गोष्टी एकत्र द्याव्यात : गेम कोणता आणि त्याची आवृत्ती कोणती, प्रत कोठून घेतली, मॉडची आवृत्ती, संपूर्ण वायडू.लॉग, आणि न छाटलेली डीबग फाइल. दोन्ही साध्या टेक्स्ट फाइली आहेत, त्यामुळे झिप करून पाठवल्या तर मोबाइल डेटावरही सहज जातात. शिवाय बिघाडानंतर तुम्ही स्वतः काय काय करून पाहिले तेही प्रामाणिकपणे लिहावे, विशेषतः काही पुसले असेल तर. मॉडकर्ते बहुधा इंग्रजीत उत्तर देतात. मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारले तरी चालते, कारण त्यांना तुमच्या वाक्यांपेक्षा डीबग फाइल वाचण्यात अधिक रस असतो. उत्तर येईपर्यंत गेमच्या त्या फोल्डरला हात लावू नये आणि खेळायचेच असेल तर दुसऱ्या, स्वच्छ प्रतीवर खेळावे.